सात गोल, एकवीस रेषा

आमच्या टीममध्ये दर शुक्रवारी जेवण झाल्यावर कुणीतरी एक जण अर्धा तास बोलतो. विषय कुठलाही चालतो, फक्त रोजच्या कामातला नको. माझी पाळी आली तेव्हा मी साइन्ड ग्राफ घेतले. माझं रोजचं काम ग्राफचंच आहे. कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात पैसे गेले याच्या जाळ्यात संशयास्पद खाती शोधायची. म्हटलं, विषय जवळचा आहे, तयारी कमी लागेल.

स्लाइडसाठी एक छोटं उदाहरण हवं होतं. रात्री साडेअकराला, खोलीवर, वहीच्या मागच्या पानावर मी घरचीच माणसं मांडली. सवयीने सात गोल काढले: आप्पा, आई, मी, तात्या, काकी, दादा आणि आजी. सातवा गोल काढून झाल्यावर लक्षात आलं की आजीला जाऊन वर्ष उलटून गेलंय. पेनने काढला होता, खोडता येईना. तसाच ठेवला.

साइन्ड ग्राफ म्हणजे काय ते आधी सांगते. ग्राफ म्हणजे गोल आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. इथे गोल म्हणजे माणूस आणि रेष म्हणजे नातं. साध्या ग्राफमध्ये रेष असते किंवा नसते. साइन्ड ग्राफमध्ये प्रत्येक रेषेला चिन्हही असतं. पटत असेल तर अधिक, पटत नसेल तर उणे.

गंमत सुरू होते ती तीन माणसांपासून. तिघांमध्ये तीन रेषा, म्हणजे एक त्रिकोण. तिन्ही अधिक असतील तर प्रश्नच नाही. एक अधिक आणि दोन उणे असतील, म्हणजे तू आणि मी मित्र आणि दोघांचंही त्या तिसऱ्याशी वाकडं, तर तेही निभतं. त्रास होतो दोन अधिक आणि एक उणे असताना. माझे दोन मित्र आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. मग एकाच्या वाढदिवसाला जाताना दुसऱ्याला काय सांगायचं, याचा विचार मीच करत बसायचा. तिन्ही उणे असतील तर तोही त्रिकोण अस्थिर धरतात, कारण त्यातले दोघं कधीतरी तिसऱ्याविरुद्ध एक होतील असं मानलं जातं. लक्षात ठेवायला शाळेतला नियम पुरतो: तीन चिन्हांचा गुणाकार करा. उत्तर अधिक आलं तर त्रिकोण संतुलित, उणे आलं तर असंतुलित.

ही कल्पना मुळात फ्रिट्झ हायडर या मानसशास्त्रज्ञाची, १९४६ सालची. तो एका माणसाच्या मनाबद्दल बोलत होता. आपल्याला आवडणारी दोन माणसं एकमेकांना नावं ठेवतात तेव्हा मनाला जो ताण येतो, त्याबद्दल. पुढे फ्रँक हरारी या गणितज्ञाने ती ग्राफवर नेली आणि १९५६ मध्ये डॉर्विन कार्टराइट या मानसशास्त्रज्ञाबरोबर सविस्तर मांडली. हरारीने १९५३ मध्ये सिद्ध केलेलं प्रमेय असं: ग्राफ संतुलित असेल, तर त्यातल्या माणसांचे दोन गट पाडता येतात. गटाच्या आत सगळ्या रेषा अधिक आणि एका गटातून दुसऱ्यात जाणाऱ्या सगळ्या उणे. उलटही खरं. यातला एक गट रिकामा असला तरी चालतं.

तपासायला सोपं आहे. कुणाही एकाला उचला आणि लाल रंग द्या. त्याच्याशी ज्याचं पटतं त्याला लाल, पटत नाही त्याला निळा. मग त्यांच्या त्यांच्या रेषा धरून पुढे जा. कुठेच अडलं नाही तर ग्राफ संतुलित. प्लेसमेंटच्या वेळी आम्ही सगळ्यांनी घोकलेला ग्राफला दोन रंग द्यायचा प्रश्न, तोच हा.

पण प्रमेय नीट वाचलं की ‘संतुलित’ या शब्दाचा अर्थ बदलतो. पूर्ण संतुलित घराच्या दोनच तऱ्हा. एक तर सगळ्यांचं सगळ्यांशी पटतं, किंवा घरात उभी फूट पडलेली असते आणि फुटीच्या आरपार एकही अधिक रेष उरलेली नसते. गणिताला दोन्ही सारखीच.

आता आमचं घर.

सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात आमचं गाव. पाऊस बेताचा. ज्वारी, कांदा, पाणी असेल तसं बाकीचं. आजोबा गेल्यावर शेत आप्पा आणि तात्या या दोघा भावांत अर्धं-अर्धं झालं, विहीर सामाईक राहिली. तीन दिवस आमची मोटर, तीन दिवस तात्यांची, सातवा दिवस गुरांचा आणि घरचा. घर एकच, मधे भिंत. आजी सकाळचा चहा आमच्याकडे घ्यायची आणि रात्रीची भाकरी तात्यांकडे खायची.

आप्पा वडूजला शिक्षक होते. निवृत्त झाले आणि आलेल्या पैशांतून २०१९ च्या जानेवारीत त्यांनी आपल्या हिश्श्यात बोअर मारलं, विहिरीपासून शंभरेक पावलांवर. तात्या नको म्हणत होते. आप्पा म्हणाले, माझ्या रानात मी मारतोय. मार्च संपता संपता विहिरीने तळ गाठला. तात्यांचं म्हणणं, बोअरने विहिरीचं पाणी ओढलं. आप्पांचं म्हणणं, यंदा पाऊसच नाही, विहीर तशीही आटलीच असती. आमच्याकडचा खडक काळा. पाणी त्याच्या भेगांमधून फिरतं आणि कुठली भेग कुठे जाते हे वरून दिसत नाही. त्यामुळे दोघांनाही आपलंच खरं वाटायला जागा होती. बांधावर शब्दाला शब्द लागला. तात्यांचा उभा कांदा वाळून गेला. त्याच आठवड्यात ते घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडले.

वहीवर मी आधी तो आठवडा काढला. सात गोल, एकवीस रेषा, पस्तीस त्रिकोण. उणे रेष एकच: आप्पा आणि तात्या. बाकी वीसच्या वीस अधिक. असंतुलित त्रिकोण पाच, कारण त्या एका उण्याच्या दोन टोकांना धरून उरलेले पाच जण एकेका त्रिकोणात अडकले होते. आई, काकी, दादा, आजी आणि मी. ही अडचण मोजायला एक आकडा आहे. ग्राफ पूर्ण संतुलित करायला कमीत कमी किती रेषांची चिन्हं बदलावी लागतील, तो आकडा. याला फ्रस्ट्रेशन इंडेक्स म्हणतात. नाव कुणी गमतीने दिलेलं नाही, भौतिकशास्त्रात असंच म्हणतात. मोठ्या ग्राफसाठी तो काढणं भयंकर अवघड आहे, पण सात गोलांसाठी चौसष्ट शक्यता तपासल्या की झालं. त्या आठवड्यात आमच्या घराचा इंडेक्स होता १. एक रेष बदलायची होती आणि ती कुठली हे सगळ्यांना माहीत होतं.

आम्ही पाच जणांनी मिळून त्या दोघांना एका जागी बसवायला हवं होतं. तसं झालं नाही. प्रत्येकाने आपापला त्रिकोण सोडवला.

आधी आई. दिवसभर आप्पांसमोर वावरायचं आणि तात्यांना ‘भावजी, चहा घेता का’ विचारायचं, हे तिला जड जायला लागलं. तिने तात्यांशी बोलणं बंद केलं. तिचा त्रिकोण सुटला. पण वहीवर ते चिन्ह बदलून मोजलं तर पाचाचे आठ झाले. आता तात्या आणि आई या जोडीमध्ये काकी, दादा, आजी आणि मी नव्याने अडकलो. मग काकीने आमच्याकडे यायचं सोडलं. खरं तर आई आणि काकी कधीच भांडल्या नाहीत. परसातून वाटीभर कालवण इकडून तिकडे जायचं, ते थांबलं, एवढंच. त्यांचं उणे उसनं होतं.

आणि माझं. सीईटीच्या दिवशी माझी एसटी चुकली होती, तेव्हा तात्यांनी रानातलं काम टाकून मला मोटरसायकलवर साताऱ्याला नेलं होतं. पेपर संपेपर्यंत बाहेर झाडाखाली बसून राहिले होते. नोकरी लागल्यावर पहिला फोन आप्पांना केला, दुसरा त्यांना. २०१९ च्या दिवाळीत मी त्यांना फोन केला नाही. आप्पांना काय वाटेल, असा विचार केला. पुढच्या दिवाळीत वाटलं, मागच्या वर्षी केला नाही, आता कुठल्या तोंडाने करू. मी तात्यांशी एक शब्दही भांडलेले नाही. तरी वहीवर आमच्या रेषेला प्रामाणिकपणे उणेच लिहावं लागलं.

असं होत होत दोन्ही घरांमधल्या नऊ रेषांपैकी आठ उणे झाल्या. उरलेली एक अधिक रेष म्हणजे मी आणि दादा.

दादा माझा चुलतभाऊ. मला सख्खा भाऊ नाही. तो पिकअप चालवतो आणि कांदा घेऊन रात्री पुण्याच्या मार्केट यार्डात येतो. माल उतरला की पहाटे मला फोन करतो आणि आम्ही तिथेच चहा घेतो. आमची भाऊबीजही तिथेच होते, दिवाळीनंतर जमेल त्या दिवशी. पिकअपच्या बॉनेटवर ताट ठेवून मी त्याला ओवाळते, शेजारचे हमाल बघत असतात. घरी दोघांपैकी कुणीच सांगत नाही.

आणि आजी. तिने कुणाचीच बाजू घेतली नाही. एकदा आप्पा चिडून म्हणाले, तू त्याच्याकडे जेवायला जाऊ नकोस. ती म्हणाली, “मला दोन डोळं हायत. त्यातला कुठला झाकू?” आणि त्या रात्रीही ती भिंतीपलीकडे जेवायला गेली.

मी मोजलं. आजी धरून असंतुलित त्रिकोण बारा. त्यातले आठ तिच्यातून जाणारे, चार माझ्या आणि दादाच्या रेषेतून. फ्रस्ट्रेशन इंडेक्स ४. मग आजीच्या गोलावर हात ठेवून पुन्हा मोजलं. वीस त्रिकोण उरले, त्यातले असंतुलित फक्त चार. इंडेक्स १. आजी गेल्यावर आमचं घर गणिताच्या हिशेबाने सुधारलं होतं.

तो १ बघून मी बराच वेळ बसून राहिले. २०१९ मध्येही इंडेक्स १ होता, पण तेव्हा बदलायची रेष आप्पा-तात्यांची होती. आता बदलायची रेष माझी आणि दादाची होती. तेवढी एक तुटली की घर पूर्ण संतुलित. दोन स्वच्छ गट, कुणालाच कसला ताण नाही. सगळं पुन्हा जोडायचं तर आठ रेषा बदलाव्या लागतील, तोडायची तर एकच.

शुक्रवारी मी हे दाखवलं नाही. पहिल्या महायुद्धाचं उदाहरण दाखवलं. अन्ताल, क्रापिव्स्की आणि रेडनर या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलेलं ते उदाहरण बरंच प्रसिद्ध आहे. सहा सत्ता: ब्रिटन, फ्रान्स, रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली. १८८२ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटलीचा करार. १८९४ मध्ये फ्रान्स आणि रशियाचा. १९०४ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सचा, १९०७ मध्ये ब्रिटन आणि रशियाचा. एकेक रेष बदलत गेली आणि शेवटी दोन गट उरले, तीन इकडे, तीन तिकडे. ग्राफ पूर्ण संतुलित. सात वर्षांनी युद्ध. टीममधल्या एकाने विचारलं, “म्हणजे बॅलन्स्ड ग्राफ चांगला की वाईट?” मी म्हटलं, ते ग्राफला माहीत नसतं. सगळे हसले. माझं लक्ष मात्र वहीतच होतं, कारण त्या एका रेषेवर तेव्हा खरोखरच ताण आला होता.

माझं लग्न ठरलंय, फेब्रुवारीत. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, ती कानपिळी कोण करणार, हा विषय घरी निघाला. मी म्हटलं, दादा. आप्पा वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाले, “मामाचा पोरगा आहे की. तो पिळेल.” आई काही बोलली नाही. दोन दिवसांनी मार्केट यार्डात मी दादाला सांगितलं, तू ये, मी बघते काय करायचं ते. त्याने चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, “चोरासारखा नाही येणार. तात्यांना रीतसर बोलावणं आलं तर येईन. नाही तर ते घरात बसणार आणि मी मांडवात फेटा बांधून नाचणार, हे मला जमायचं नाही.” त्यानंतरच्या दोन फेऱ्यांना त्याचा फोन आला नाही. तो उणे करत नव्हता. माझ्या दिवाळीच्या फोनसारखंच, फक्त फोन करत नव्हता.

पुढच्या शनिवारी मी गावी गेले. आप्पांना आधीच सांगितलं की पत्रिका घेऊन मी तात्यांकडे चालले आहे. ते म्हणाले, “जा. माझ्या नावाने बोलावू नकोस.” पत्रिकेवर निमंत्रक म्हणून त्यांचंच नाव छापलेलं होतं, पण ते मी त्यांना दाखवलं नाही.

भिंतीपलीकडे जायला बाहेरून वळसा घालून वीस पावलं होतात. सहा वर्षांत मी ती चालले नव्हते, आजी गेली ते दिवस सोडून. काकीने दार उघडलं, मला बघितलं आणि आत जाऊन पाणी आणलं. तात्या पलंगावर बसले होते. मी वाकून नमस्कार केला. पत्रिका हातात दिली. त्यांनी ती उघडली नाही. म्हणाले, “बोअरला पाणी हाय का?”

मला वाटलं, आता पुन्हा तेच निघणार. मी खरं ते सांगितलं. “नाही तात्या. दोन उन्हाळे झाले. मार्चनंतर नुसती हवा येते. आप्पा टँकर घेतात.”

ते बराच वेळ गप्प बसले. मी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान शोधत होते, ते नव्हतं. म्हणाले, “कुणी सांगितलं न्हाई.”

कोण सांगणार होतं? आठ उणे रेषांमधून बातमी जात नाही. दादाला मी कधी सांगितलं नाही, कारण आमच्यात बोअर हा विषय काढायचा नाही असं न बोलताच ठरलेलं होतं. सामाईक विहिरीचा गाळ काढला, थोडी खोल नेली तर दोघांचंही भागेल, असं तात्या दोन वर्षं दादाजवळ बोलत होते. ते आप्पांना माहीत नव्हतं. बोअर आटलंय, हे तात्यांना माहीत नव्हतं. मधे एक भिंत.

निघताना मी म्हटलं, “तात्या, दिवाळीला फोन करत नव्हते. चुकलं माझं.” ते म्हणाले, “तुझं कुटं चुकलं.” मग थोड्या वेळाने, “चुकलं खरं.” काकीने पत्रिका त्यांच्या हातातून घेऊन देवापुढे ठेवली. येतो असं ते म्हणाले नाहीत. येत नाही असंही म्हणाले नाहीत.

रात्री मी वही उघडली. माझ्या आणि तात्यांच्या रेषेला अधिक लिहिलं, काकीच्याही. पुन्हा मोजलं. चाराचे सहा असंतुलित त्रिकोण झाले होते आणि सहाच्या सहा माझ्यातून जाणारे. गणिताने बघितलं तर मी घर बिघडवून आले होते. पण मी आता नेमकी आजीच्या जागी होते, सगळ्यांशी अधिक. ती जागा किती अवघड आहे ते दुसऱ्याच दिवशी कळलं. मी तात्यांना बोअरचं सांगितलं हे ऐकून आप्पा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. “घरचं तिकडं कशाला सांगायचं?” एवढंच म्हणाले. आजीने असे किती दिवस काढले असतील, हे मी कधी मोजलं नव्हतं. ती भाकरी खायला पलीकडे जाते म्हणून आपण चिडायचो, ते तेवढं आठवलं.

तिसऱ्या दिवशी मी पुण्याला निघाले. आप्पा एसटीपर्यंत पिशवी घेऊन आले. गाडी दिसली तसं म्हणाले, “विहिरीचं काय म्हणत होता तो?”

मी सांगितलं. गाळ, खोली, अंदाजे खर्च, सगळं. ते ऐकत होते. हो-नाही काही नाही. गाडीत बसल्यावर दादाला मेसेज केला: रीतसर बोलावणं आलंय, आता तुझं सांग. बराच वेळ उत्तर नव्हतं. पुसेगाव मागे पडल्यावर आलं. मंगळवारी कांदा घेऊन येतोय, चहाला ये.